तीन संध्याकाळींची एकच रांगोळी

आकाशाकडे पाहणाऱ्या माणसाला खोटं बोलता येत नाही, कारण आकाश सगळ्यांसमोर उघडं असतं.

हे वाक्य माझं आहे. आर्णीतल्या एका मंगल कार्यालयात सत्काराला उत्तर देताना मी ते म्हणालो आणि टाळ्या पडल्या. माझ्या अंगावर शाल होती, हातात नारळ होता. ज्या धूमकेतूसाठी सत्कार चालला होता, तो धूमकेतू नव्हताच, हे मला तीन दिवसांपासून माहीत होतं.

सत्कार या प्रकाराची मी आयुष्यभर चेष्टा केली आहे. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं मराठी शिकवलं. त्या काळात व्यासपीठावरची भाषणं इतकी ऐकली की पहिल्या वाक्यावरून शेवटचं सांगता येऊ लागलं. शाली विकत घेतल्या जात नाहीत, त्या नुसत्या फिरतात, असं माझं मत होतं. कोपऱ्यात चहाचा डाग असलेली एक शाल मी वेगवेगळ्या तीन खांद्यांवर ओळखली होती. स्टाफरूममध्ये हे सांगून मी लोकांना हसवत असे.

दुर्बीण घेतली पन्नाशीत. सहा इंची आरशाची, लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची. घराच्या गच्चीवर ठेवतो. माझी आवड धूमकेतूंची. त्यांचे फोटो काढायचे नाहीत, डोळ्यांनी पाहायचे. लोकांना वाटतं धूमकेतू म्हणजे आकाशभर शेपटी. तसे आयुष्यात एक-दोन. बाकीचे दुर्बिणीतून पाहिले तरी ओल्या फडक्याने पाटी नीट पुसली नाही तर जो पांढुरका डाग राहतो, तेवढेच दिसतात. त्या डागाबद्दल तीन गोष्टी नोंदवायच्या. तो किती उजळ आहे, किती पसरलेला आहे आणि मध्यभागी किती दाट आहे. उजळपणा ठरवायला शेजारचा एखादा माहितीचा तारा घ्यायचा, दुर्बिणीची नजर मुद्दाम बिघडवून तो धूमकेतूएवढा पसरट करायचा आणि दोघांची तुलना करायची. ही नोंद मग हौशी निरीक्षकांच्या एका गटाकडे इंटरनेटवरून पाठवायची. कुणी पैसे देत नाही, कुणी विचारत नाही. या कामात एकच गोष्ट लागते, ती म्हणजे जे दिसलं तेवढंच लिहिणं.

आणि एक नियम आहे. आकाशात असे पांढुरके डाग बरेच आहेत. काही ताऱ्यांचे गुच्छ, काही दूरच्या आकाशगंगा. त्यांच्यात आणि धूमकेतूत रूपाने फरक सांगता येत नाही. फरक चालीचा असतो. धूमकेतू सरकतो, बाकीचे जागचे हलत नाहीत. म्हणून एकदा पाहून नोंद करायची नाही. आजूबाजूचे तारे कागदावर मांडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचं. हा नियम मी कॉलेजच्या पोरांना फळ्यावर काढून समजावला आहे.

त्या डिसेंबरात एक धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेकडे, कुंभ राशीत येणार होता. फार उजळ नव्हता. सोमवारी सात-साडेसातला मी दुर्बीण लावली. कोणत्या तारखेला तो कुठे असेल, याच्या तक्त्यात जागा पाहिली होती. थोडं इकडेतिकडे फिरवल्यावर डाग सापडला. तो अपेक्षेपेक्षा कितीतरी उजळ होता. धूमकेतू कधी कधी अचानक भडकतात, आतला बर्फ फुटून धूळ उडते. मला वाटलं, हा भडकला आणि पहिला मीच पाहिला. एकसष्टाव्या वर्षी शाळकरी पोरासारखा आनंद झाला. तारे कागदावर मांडायचे राहिले. अशा वेळी कागद कोण शोधत बसतो, असं मी स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात समोरच्या काकू तुरीच्या शेंगा घेऊन गच्चीवर आल्या. शेंगा बायकोसाठी होत्या, बायको खाली होती. काकू सत्तरीच्या. गावाबाहेर त्यांचं शेत आहे, कापूस आणि तूर. आमच्या गल्लीत त्यांचं नाव मात्र रांगोळीसाठी. लग्नाच्या घरांतून त्यांना बोलावणं येतं. पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी त्या वहीत न पाहता काढतात.

"काय दिसून राह्यलं जी सर?"

"या, पाहा. धूमकेतू आहे."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि बराच वेळ डोळा लावून उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेत असतील.

"पिठाचं बोट लागल्यावानी दिसते," त्या म्हणाल्या. "शेपटी नाई?"

"सगळ्यांना नसते."

"मंग याले धूमकेतू कायले म्हणता?"

"हा चालतो, काकू. उद्या याच वेळी पाहाल तर या ताऱ्यांमधून पुढे सरकलेला दिसेल. तीच त्याची खूण."

"असं?" म्हणून त्यांनी पुन्हा डोळा लावला. पुन्हा ओठ हलले.

मी त्याच रात्री नोंद पाठवली. उद्गारचिन्ह टाकलं नाही, पण टाकल्यासारखी भाषा होती.

मंगळवारी मी तक्ता पाहिला नाही. जागा तर माहीतच होती. काल जिथे सापडला तिथेच दुर्बीण वळवली आणि डाग सापडला. हलणाऱ्या वस्तूला कालच्याच जागी शोधायचं आणि ती तिथे सापडली की खूश व्हायचं, ही चूक धूमकेतू पाहणाराच करू शकतो. गाय शोधणारा करणार नाही.

काकू न बोलावता आल्या. डोळा लावला, बाजूला झाल्या.

"सर, हा तं कालच्याच जागी हाय."

"एवढ्यात कळत नाही. हळू सरकतो."

"पन तुमीच सांगतलं का उद्या सरकलेला दिसन म्हून."

मी अंतरांबद्दल बोललो. कोटी कोटी किलोमीटर वगैरे. आकडे मोठे असले की समोरचा गप्प होतो, हे मला तीस वर्षांच्या मास्तरकीने शिकवलं होतं. काकू गप्प झाल्या.

रात्री गटातल्या एका निरीक्षकाचं पत्र आलं. फार सभ्य भाषा होती. आम्हाला तो इतका उजळ दिसत नाही, तुम्ही जागा एकदा तपासून पाहाल का? मी उत्तरात माझ्या अनेक वर्षांच्या अनुभवाचा उल्लेख केला. जागा तपासली नाही.

बुधवारी सकाळी स्थानिक पेपरात चार ओळी आल्या. बातमीदार माझा विद्यार्थी. त्याला मीच फोन केला होता, हेही लिहून टाकतो. संध्याकाळी गच्चीवर साठ-पासष्ट माणसं जमली. जिन्यात चपलांचा ढीग. गावातल्या एका मंडळाचे अध्यक्ष आले, त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मी लोकांना रांगेत उभं केलं आणि आधी एक छोटं भाषण दिलं. धूमकेतू अपशकुनी नसतो, कुणी सांगतं म्हणून काही मानू नका, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि जे दिसेल तेवढंच म्हणा. चांगलं भाषण होतं. आजही त्यातला एक शब्द बदलावासा वाटत नाही.

सगळ्यांना दिसला. डाग होताच, तो दिसला. अध्यक्षांना शेपटीसुद्धा दिसली.

"वा! काय शेपटी हाय सर! हे एवढी!"

मी काही बोललो नाही. अध्यक्ष होते.

रांगेत दहा-बारा माणसांनंतर काकूंचा नंबर आला. त्या वाकल्या. ओठ हलले. मग सरळ होऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आजबी तिथंच हाय, सर. तीन दिस झाले. हा काई चालत नाई."

सगळी रांग माझ्याकडे वळली. पासष्ट जणांच्या तोंडाकडे पाहून मी म्हणालो, "काकू, ही रांगोळी नाही. ठिपके मोजून आकाश कळत नसतं."

लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, "काकू, चष्म्याचा नंबर वाढला वाट्टे तुमचा!" मग आणखी हसले. कुणीतरी म्हणालं, "काकूले शेपटीवाला पाह्यजे, रांगोळीतला!" मीही हसलो.

"असंन बाप्पा," काकू म्हणाल्या, आणि कठडा धरून जिना उतरल्या.

जेवताना बायकोने आधी मला भाकरी वाढली. मग म्हणाली, "रांगोळीवरून हिणवलंत त्यांना. रांगोळीत त्या कधी चुकलेल्या पाहिल्यात का?"

"आकाश वेगळं असतं."

"ठिपकेच तर असतात," ती म्हणाली, आणि ताट उचललं.

गुरुवार मार्गशीर्षातला होता. सकाळी दूध आणायला निघालो तर काकूंच्या दारात लक्ष्मीची पावलं काढलेली. आणि पावलांच्या बाजूला, कडेला, वेगळंच काही. सात ठिपके, दोन मोठे, पाच बारीक, ओळीत नसलेले. त्यांच्यामध्ये अंगठ्याने पसरवलेला एक पांढरा डाग. मला ते ओळखायला क्षणही लागला नाही. तीन संध्याकाळी मी तेच पाहत होतो. बारीकातले दोन तारे तर मी पाहूनही कधी लक्षात घेतले नव्हते. काकूंनी घेतले होते.

काकू ओट्यावर रांगोळीचा डबा हातात धरून उभ्या होत्या.

"हे कोणत्या दिवशीचं?" मी विचारलं.

"तिन्ही दिवसाचं. एकावर एक काढलं. सोमवारचं आधी, मंग मंगळवारचं, मंग कालचं." त्यांनी डाव्या हाताने डागाकडे दाखवलं. "सरकला असता तं असे तीन डाग झाले असते ना जी. हा एकच होऊन राह्यला."

त्या टोचून बोलत नव्हत्या. एखादं गणित जुळत नाही म्हणून विचारावं, तसं विचारत होत्या. दुर्बिणीपाशी त्यांचे ओठ हलत होते ते देवाचं नाव नव्हतं, त्या ठिपके मोजत होत्या. मी "पाहतो" म्हणालो आणि दूध न घेताच घरी परतलो.

नकाशांचं पुस्तक माझ्याकडे दहा वर्षांपासून आहे. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, म्हणून पान उलटं धरलं. दोन मोठे तारे, पाच बारीक. मध्ये छापलेलं चिन्ह, वर्तुळात फुली. ताऱ्यांचा गोल गुच्छ. मग तक्ता काढला. मी ओळ चुकीची वाचली होती, एक आठवडा आधीची. त्या तारखेला धूमकेतू खरंच त्या गुच्छाजवळून गेला होता. आता तो, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा, खाली सरकलेला असणार होता.

तो गुच्छ मला अनोळखी होता असंही नाही. आयुष्यात आठ-दहा वेळा पाहिला असेल. अडीचशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने धूमकेतू समजून फसवणाऱ्या डागांची एक यादी केली, पुढच्यांनी फसू नये म्हणून. हा त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्यापर्यंतच वाचलेल्या माणसाला फसायची मुभा आहे. मी शेवटपर्यंत वाचली होती.

अकरा वाजता अध्यक्षांचा फोन आला. रविवारी सत्कार ठरला होता. "पत्रिका वाटून झाल्या सर. खुर्च्या सांगतल्या. तुमी फक्त या."

"अध्यक्ष, एक सांगायचं होतं..."

"तुमचं सांगणं रविवारी माइकवर ऐकू ना जी!" आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावू शकलो असतो. त्यांचं दुकान चालत गेलो तर सात मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. आपल्याला बोलू दिलं नाही, या विचाराचा आधार मी रविवारपर्यंत पुरवून वापरला. गटाकडे पाठवायचं पत्र लिहिलं आणि पाठवलं नाही. गच्चीवर मात्र गेलो नाही. खरा धूमकेतू वर होता, आकाश स्वच्छ होतं, आणि अकरा वर्षं असल्या संध्याकाळींची वाट पाहणारा मी दार लावून टीव्हीवर बाजारभाव ऐकत बसलो. समोरच्या ओसरीतून काकूंना मी दिसलो असतो, म्हणून.

रविवारी मंगल कार्यालयाच्या दारातच थबकलो. व्यासपीठासमोर काकू बसून रांगोळी काढत होत्या. अशा कार्यक्रमाला त्यांनाच बोलावतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चांगला सात-आठ हात लांब धूमकेतू, पिवळ्या डोक्याचा, भगव्या-निळ्या शेपटीचा.

मी वाकून हळू म्हणालो, "काकू, शेपटी..."

"अध्यक्षांनं सांगतली," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मी म्हटलं, मले तं नाई दिसली. तं ते म्हणे, शेपटीशिवाय लोकाईले कसं समजन. म्हून काढली." मग चिमटीतला रंग सोडत म्हणाल्या, "सांगून काढलेली रांगोळी हाय जी ही. मोजून नाई."

पुढचं सुरुवातीलाच सांगितलं आहे. शाल अंगावर पडली तेव्हा मी सवयीने कोपरा पाहिला. डाग नव्हता. नवी होती, तेवढाही आधार नाही. काकू तिसऱ्या रांगेत बायकोशेजारी बसल्या होत्या. आकाश सगळ्यांसमोर उघडं असतं, असं मी म्हणालो तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं. काकू हाताला लागलेला निळा रंग पुसत होत्या.

सोमवारी गटाला दोन ओळी पाठवल्या. सोमवार ते बुधवारच्या माझ्या तीनही नोंदी रद्द कराव्यात, तो धूमकेतू नव्हता. तासाभरात त्याच सभ्य निरीक्षकाचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, आमच्यापैकी बऱ्याच जणांचं असं झालं आहे. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मग समोर गेलो. काकू ओसरीत शेंगा सोलत होत्या.

"काकू, तो धूमकेतू नव्हता. तुमचं बरोबर होतं."

"मले मालूम हाय."

"मी त्या दिवशी बोललो ते..."

"हो." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. "बोलले तवा पासष्ट मानसं होते. आता सांगून राह्यले तं एकटेच आले."

त्यांनी चहा विचारला. मी घेतला, तोही संपवावा लागला.

बातमीदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, धूमकेतू नव्हता ही बातमी कशी होते?" अध्यक्षांच्या दुकानात गेलो. त्यांनी मला आत, पोत्यांमागे नेलं आणि समजावलं. "राहू द्या ना सर. होते असं. आन मी शेपटी पाह्यली ना, सगळ्याईले सांगतलं. आता मी काय म्हनू?" त्यांचंही बरोबर होतं. शेपटी माझ्या समोर निघाली होती आणि मी गप्प बसलो होतो.

शेवटी गल्लीत दारोदार जाऊन सांगितलं, गुरुवारी संध्याकाळी गच्चीवर या. धूमकेतू दाखवणार का, असं सगळ्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर नऊ जण आले. दहाव्या काकू. बायकोने त्यांना हाताला धरून वर आणलं, खुर्ची दिली.

पाठ केलेलं भाषण नव्हतं, त्यामुळे अडखळलो. सांगितलं की मी तक्ता चुकीचा वाचला. सांगितलं की बुधवारी इथे जमलेल्यांत एकट्या काकूंनी बरोबर पाहिलं, आणि त्या बोलल्या तेव्हा मी त्यांना हसलो आणि तुम्हालाही हसायला लावलं. सत्काराच्या वेळी मला सगळं माहीत होतं, हेही सांगितलं. ते सांगायचं नाही असं जिना चढेपर्यंत ठरवलं होतं. नऊ जण आपापल्या पायांकडे पाहत होते. गल्लीतला शिंपी म्हणाला, "जाऊ द्या सर," आणि मग काकूंकडे वळून, "काकू, मी हसलो होतो तुमाले. रांगोळीतला म्हटलं तो मीच."

"मालूम हाय," काकू म्हणाल्या. "तुहा आवाज मी वळखत नाई का?"

त्यावर सगळे हसले, काकूही. मी दुर्बीण लावली आणि प्रत्येकाला तो गुच्छ पुन्हा दाखवला, या वेळी त्याच्या खऱ्या नावाने. काकूंनी डोळा लावला, ओठ हलले. "अजून तिथंच हाय," त्या म्हणाल्या, जणू हजेरी घेतली.

मग त्यांनी विचारलं, "मंग खरा कुठं होता जी, त्या बुधवारी?"

आता तो मावळतीच्या उजेडात बुडाला होता, दाखवता येण्यासारखा नव्हता. पण बुधवारची जागा सांगता येत होती. मी तक्ता काढला, बुधवारची ओळ दोनदा वाचली, हात लांब केला आणि गुच्छापासून एक मूठ खाली मोजली. मूठ संपली तिथे पाण्याची टाकी होती; खरा धूमकेतू तिच्याआड होता. बुधवारी रांग तिलाच टेकून उभी होती. टाकी हजार लिटरची आहे.